ज्याला ऐकू आलं नाही

बुरोंडीत माझी ओळख ‘आकाशात मासे शोधणारी’ अशी आहे. बाबल्या तांडेलाची पोरगी पुण्यात नेमकं करते काय, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने, मितेशने, हे नाव पाडलं. तसं ते फार चुकीचं नाही. खूप दूर दोन मेलेले तारे एकमेकांवर आदळतात, त्याची लहर पृथ्वीवरच्या तीन-चार मोठ्या यंत्रांना जाणवते, आणि ती आकाशात कुठून आली ते आम्ही काढतो. एकट्या यंत्राला जागा सांगता येत नाही. कोणाला आधी ऐकू आलं, कोणाला मोठ्याने, हे जुळवावं लागतं. आणि ज्याला ऐकू आलं नाही, त्यालाही विचारावं लागतं. २०१७ साली इटलीतलं यंत्र जवळजवळ गप्प राहिलं होतं, आणि त्याच्या गप्प राहण्यामुळेच जागा नेमकी कळली. ही गोष्ट मी मितेशला इतक्यांदा ऐकवली, की शेवटी तो म्हणाला, “अगो बाय, त्या इटलीवाल्याशी लगीनच कर तू आता.”

दिवाळीला मी घरी आले होते. खलाशी तापाने फणफणला होता म्हणून मितेश छोटी होडी घेऊन एकटाच गेला. दुपारी वारा बिथरला. सव्वाचारला त्याने वायरलेसवर हाक दिली, “इंजिन बंद पडलाय, पाणी भरतंय.” पुढे काही नाही.

संध्याकाळी बोटी परतल्या. खोल समुद्रात असलेल्या जानूकाकाला हाक स्पष्ट ऐकू आली होती. किनाऱ्याजवळच्या अनिलला अगदी पुसट. मितेशचा बालमित्र ओमकार लाडघरच्या समोर जाळं टाकून होता. त्याला मी जेटीवरच गाठलं.

“तुला ऐकू आलं?”

“नाय,” तो म्हणाला आणि दोर गुंडाळायला लागला.

मी घरी येऊन नकाशा पसरला. आवाज किती मोठा होता त्यावरून जानूकाकाभोवती एक वर्तुळ काढलं, अनिलभोवती दुसरं. दोन्हींनी एकमेकांना दोन ठिकाणी छेदलं. एक जागा वर, उत्तरेला, लाडघरच्या समोर. दुसरी खाली, दाभोळच्या अंगाला. वरच्या जागेपासून ओमकार फार तर दोन मैलांवर होता, आणि त्याला ऐकू आलं नव्हतं. मी वरच्या जागेवर काट मारली. खरं सांगते, ती काट मारताना मला स्वतःचा अभिमान वाटला.

बाबा म्हणाले, “तो नेहमी लाडघराच्या फुडंच जातो. वारा पण खालून हाय. वर मुरुडकडं बघूया.”

“नेहमीचं सोडा, बाबा. तिथे असता तर ओमकारला ऐकू आलं असतं.”

बाबा चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस. त्यांनी आईकडे बघितलं. आईने, आवडाबाईने, देवापुढची वात नीट केली आणि म्हणाली, “सलो शिकलेली हाय. ती सांगते तसा करा.”

गावच्या बारा बोटी आणि एक सरकारी बोट दोन दिवस खाली फिरल्या. दाभोळ, कोळथरे, पुन्हा दाभोळ. तिसऱ्या दिवशी सकाळी मुरुडच्या लोकांना मितेश सापडला. त्याने स्वतःला डिझेलच्या रिकाम्या कॅनला बांधून घेतलं होतं, गाठ तशीच घट्ट होती. डॉक्टर म्हणाले, पहाटेपर्यंत जीव असावा.

म्हणजे तीन रात्री तो वाट बघत होता, आणि आम्ही भलतीकडे हाका मारत होतो.

बाराव्यापर्यंत मी त्या नकाशासमोर बसून होते. लोकांना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. मला फक्त चूक हवी होती. हिशोबात वारा धरला, पाण्याची ओढ धरली, काही केल्या मितेश दाभोळहून मुरुडला पोचत नव्हता. तो लाडघरच्या समोरच होता. मग ओमकारला ऐकू कसं आलं नाही?

ओमकार जेटीवर जाळं सांधत होता. मी विचारलं तसा त्याचा हात थांबला.

“वायरलेस बंद होता माझा.”

त्याच्या ठरलेल्या मुलीकडून आदल्या दिवशी नकार आला होता, आणि मितेश सकाळपासून वायरलेसवर सगळ्या बोटींना ऐकू जाईल असं त्याला चिडवत होता. कुठे थांबायचं ते माझ्या भावाला कधीच कळलं नाही.

“दुपारी बंद केला. म्हटला, घरी येऊ दे, दोन ठेवून देतो त्याला,” ओमकार म्हणाला.

“मग मला का नाही सांगितलंस?”

“तू इचारलंस, ऐकू आला काय. नाय आला. चालू होता काय, ता इचारलंस नाय.” त्याला हुंदका आवरेना. “एका माझ्या नायवर बारा बोटी फिरवशील, ता मला काय ठावं?”

त्याला तसंच पाण्यात ढकलावं असं वाटलं. पण ढकललं नाही. कारण रोज सकाळी कामावर गेल्यावर मी सगळ्यात आधी बघते ते हेच, की कुठली यंत्रं चालू होती. बंद यंत्र गप्प नसतं, ते तिथे नसतंच. नवीन मुलांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. सख्ख्या भावाच्या वेळी मला ते आठवलं नाही.

बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी ओमकारला शिवी दिली नाही, मलाही नाही. एवढंच म्हणाले, “दर्या माझा, पोरगा माझा. मीच का गप बसलो?” मला वाटलं होतं, त्यांनी मारलं तर बरं वाटेल. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, आणि तोच सोसला नाही.

आता रोज दुपारी चारला बाबा जेटीवर वायरलेस घेऊन बसतात. एकेका बोटीला नावाने हाक मारून विचारतात, “चालू हाय?” सगळ्यात आधी ओमकारचा आवाज येतो, “चालू हाय, काका.” सगळ्या बोटी झाल्या की पुण्यात माझा फोन वाजतो.

“सलो, चालू हाय ना गो?”

“चालू आहे, बाबा.”

मग ते काही बोलत नाहीत. मागे पाण्याचा आवाज येत असतो. मी फोन कानालाच धरून ठेवते.