पाठमोरा फोटो

हिमांशू सरदेशपांडे कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचा. वेरूळकडच्या खेड्यांत लठ्ठ माणसं कमी आणि शहरात एवढी जास्त का, याचा त्यानं बराच अभ्यास केला होता. पालक मेळाव्यात त्यावर बोलायचं ठरलं. नुसते तक्ते दाखवले तर लोक पेंगतील, म्हणून शहरातल्याच छावणी भागातल्या बाजारात टिपलेला एका जाड बाईचा पाठमोरा फोटो त्यानं पडद्यावर लावला.

"खेड्यातली बाई शेतात राबते, पायी चालते. आपल्याकडं गल्लीच्या टोकाला जायलाही रिक्षा लागते. मग हे असं होतं!"

सभागृह खदखदून हसलं. हिमांशूला आणखीच हुरूप आला.

हसू ओसरलं तशा मधल्या रांगेतून एक बाई उठल्या. अंगावर पडद्यावरचाच जांभळा दुपट्टा. त्या दाराकडं निघाल्या. मागोमाग त्यांची मुलगी जन्नत, हिमांशूच्याच वर्गातली. हिमांशूच्या तोंडचं पाणी पळालं. पुढचं भाषण त्यानं कसंबसं उरकलं.

दुसऱ्या दिवशी तो छावणीत त्यांच्या घरी गेला. जन्नतच्या आईनं, कमरुन्निसाबाईंनी, "बसा सर" म्हणत पाणी दिलं. त्यानं पेला तसाच खाली ठेवला.

"चुकलं माझं. न विचारता फोटो काढला."

"चालायलाच निघाले होते मी त्या दिवशी," त्या हळूच म्हणाल्या. "डॉक्टर बोलले, रोज चाला. इथं मैदान नाय, फुटपाथवर गाड्या. पोरं मागून हसतात. तरी लई हिंमत करून जात होते."

हिमांशूची मान खाली गेली. अभ्यासात कितीतरी बायकांनी त्याला हेच सांगितलं होतं, की चालायला जागाच नाही. भाषण रंगावं म्हणून त्यानं तेवढंच गाळलं होतं.

"आणि आता?"

"आता नाय जात अम्मी," जन्नत म्हणाली.

त्यानं त्यांच्यासमोर आपल्या मोबाइलमधला फोटो पुसला. जन्नतनं आपला मोबाइल पुढं धरला. मेळाव्यात कुणीतरी पडद्यावरून टिपलेला तोच फोटो वर्गाच्या ग्रुपवर फिरत होता, खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग.

सोमवारी वर्गात उभं राहून त्यानं आपली चूक कबूल केली. फोटो काढून टाका म्हणून हात जोडले. जन्नत आली नव्हती. मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं, आणि त्या पोराला रागवायला हिमांशूची जीभ रेटेना.