राक्षसाचा आवाज आणि मी

मित्रांनो, मला हात लावता येत नाही, मला वजन नाही, माझ्यावर धूळसुद्धा बसत नाही. तरीही मी चांगला जुना आहे. मी एक जुना प्लगिन आहे. प्लगिन म्हणजे काय, असे विचारणार ना? सांगतो, पण मला जरा आवरा. आज मी इतका खुशीत आहे की बोलायला लागलो तर गाडी उताराला लागल्यासारखी सुटेल!

संगणकावर गाणी आणि गोष्टी ध्वनिमुद्रित करायचे एक सॉफ्टवेअर असते. त्याला मोठे घर समजा. आम्ही प्लगिन म्हणजे त्या घरात कामाला येणारे कारागीर. कोणी आवाजातली खरखर काढतो, कोणी दबलेला आवाज उचलून धरतो. मी आवाज घुमवतो. साध्या खोलीत बोललेले वाक्य माझ्या हाताखालून गेले, की जणू रिकाम्या टाकीच्या तळाशी बसून कोणी बोलत आहे असे वाटते.

आणि माझा जन्म खरोखर टाकीतच झाला! माझा कर्ता एक अबोल इंजिनियर होता. त्याच्या वसाहतीतली पाण्याची मोठी टाकी धुण्यासाठी रिकामी केलेली होती. हा पठ्ठ्या एक मायक्रोफोन आणि फुग्यांची पिशवी घेऊन शिडीने आत उतरला आणि टाचणीने एकेक फुगा फोडू लागला. फट्! मग तो आवाज भिंतींवर आपटत कितीतरी वेळ गोल गोल फिरत राही. बाहेर पहारेकऱ्याची पाचावर धारण बसली.

"साहेब, आत काय फुटतंय?" त्याने वरून डोके घालून विचारले.

"काही नाही हो. टाकीचा आवाज भरून नेतोय."

पहारेकऱ्याला ते अजिबात पटले नाही. पण फुगे पाहिल्यावर तोही खाली उतरला आणि दोन-चार फुगे फोडूनच वर गेला. त्या फुग्यांच्या घुमण्यावरून माझ्या कर्त्याने मला घडवले. त्याने मला फिरवायची दोन बटणे दिली. एक 'टाकी', दुसरे 'जाडी'. टाकी वाढवली की आवाज घुमतो, जाडी वाढवली की तो खाली उतरून भरदार होतो. शिवाय त्याने मला एक वळण लावले. नव्या संगणकावर पहिल्यांदा पाऊल ठेवले, की एक छोटीशी चौकट उघडून नमस्कार करायचा, आत येऊ का असे विचारायचे आणि कोणी 'या' हे बटण दाबेपर्यंत दारातच थांबायचे. न विचारता कोणाच्या घरात घुसू नये, असे त्याचे म्हणणे. मग त्याने मला इंटरनेटवर फुकट सोडून दिले. ज्याला हवा त्याने न्यावा.

मला नेले एका शिंप्याच्या पुतणीने. काकांच्या दुकानामागच्या खोलीत तिने रेकॉर्डिंगचा संसार मांडला होता. खोली मोठी नामी! चारी भिंतींना कापडाचे तागे छतापर्यंत रचलेले. कापड आवाज पिऊन टाकते, त्यामुळे रस्त्यावरचा गोंगाट आत येत नसे आणि आत बोललेला शब्द जागच्या जागी बसे. पुतणी तिथे ग्रंथालयासाठी मुलांच्या गोष्टी ध्वनिमुद्रित करायची. एका गोष्टीत तिला डोंगरात राहणारा राक्षस हवा होता. भरदार आवाजाची माणसे येऊन गेली, पण तिला एकही पसंत पडेना. एक तर नुसते ओरडायचे, किंवा मग राक्षसाचे भाषण व्हायचे.

शेवटी ती कापड कापत बसलेल्या काकांना म्हणाली, "काका, तुम्हीच बोला ना दोन वाक्यं."

"चेष्टा करतेस का गरीब माणसाची?" काका म्हणाले.

त्यांचे बरोबरच होते. काका अंगाने काडीपैलवान आणि त्यांचा आवाज इतका बारीक, की फोन उचलला तर गिऱ्हाईक हमखास म्हणे, "काकू, जरा काकांना देता का?" म्हणून फोन काकूच घ्यायच्या, आणि चार माणसांत काका फक्त मान हलवायचे. पण पुतणी हट्टाला पेटली. तिने काकांना माईकपुढे बसवले, मला मध्ये लावले, जाडी वाढवली, टाकी वाढवली. काका भीतभीत म्हणाले, "कोण आहे रे तिकडे?"

काय सांगू मित्रांनो! डोंगर बोलला, डोंगर! शिलाई मशीनवर बसलेल्या काकू दचकून उठल्या. काकांनी स्वतःच मागे वळून पाहिले.

त्या दिवसापासून राक्षसाची गोष्ट सुरू झाली. हा राक्षस आळशी होता, उंदरांना भीत होता आणि थंडीत त्याला मोजे लागत. मुले आधी घाबरत, मग खदखदा हसत. ग्रंथालयात नवा भाग आला की मुलांच्या उड्या पडत. मी तर पार शेफारून गेलो. राक्षस म्हणजे मीच, काका आपले नुसते तोंड हलवतात, अशी माझी पक्की समजूत झाली.

वर्षे गेली. गोष्ट संपत आली आणि ग्रंथालयाने ठरवले की शेवटचा भाग सभागृहात, सगळ्या मुलांसमोर, प्रत्यक्ष करायचा. काका पडद्यामागे बसून बोलणार आणि मोठ्या स्पीकरमधून राक्षस गरजणार. "पडद्यामागूनच ना? नक्की?" असे काकांनी इतक्या वेळा विचारले, की काकूंनी चिडून पडदा स्वतःच शिवायला घेतला.

आता पुतणीची हुशारी बघा. जुन्या संगणकाचा पंखा फार घरघरायचा, म्हणून तिने नवा लॅपटॉप घेतला. सॉफ्टवेअरही नवेकोरे घातले. मला तिने एका पेन ड्राइव्हमध्ये ठेवले, पेन ड्राइव्ह काकांच्या बटणांच्या डब्यात टाकला, आणि नव्यावर मी चालतो का हे न बघताच जुना संगणक पुसून मावसभावाला देऊन टाकला! कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी तिने मला बटणांतून शोधून काढले, लॅपटॉपवर उतरवले आणि राक्षसाची फाइल उघडली. पडद्यावर ओळ आली: प्लगिन सापडला नाही.

काका माईकपुढे बसलेच होते. "कोण आहे रे तिकडे?" ते म्हणाले. स्पीकरमधून तोच बारीक, काडीसारखा आवाज बाहेर आला. काकांचा चेहरा उतरला.

"अगं, हे काय? हा तर मीच बोलतोय!"

"थांबा काका, बघते."

"बघ बाई लवकर. मुलं राक्षसाला ऐकायला येणारेत, मला नाही. राक्षस नसेल तर मी घरीच बसतो. सांग त्यांना, राक्षस आजारी पडलाय."

"पोरं चार वाजता येतील, आणि तुम्ही घरी बसणार?" काकू मशीनवरून म्हणाल्या. "आधी उभे राहा, पडद्याची उंची बघू द्या."

घोडे कुठे पेंड खात होते, ते ऐका आता. पहिली चूक अगदी साधी होती. पुतणीने मला लॅपटॉपवर फोटोंच्या गर्दीत ठेवले होते, आणि सॉफ्टवेअर प्लगिन शोधते ते आपल्या ठरलेल्या फोल्डरमध्येच. तिच्या लक्षात आले, तिने मला योग्य जागी हलवले. तरी तीच ओळ! मग तिने आपल्या दादाला फोन लावला. दादा संगणकाच्या कंपनीत होता.

"अगं, तो बत्तीस बिटचा म्हातारा आहे, तुझं सॉफ्टवेअर चौसष्टचं. दोघांची भाषाच वेगळी. फेकून दे त्याला, ढीगभर नवे मिळतात!"

म्हातारा! मित्रांनो, मला इतका राग आला म्हणून सांगू! पुतणीने खरेच एक नवा, चकचकीत प्लगिन आणला. काका बोलले. राक्षसाने पत्र्याच्या डब्यात तोंड घातले आहे, असा आवाज निघाला.

"याला सर्दी झालीय का?" काकांनी विचारले. नव्याची सगळी बटणे फिरवून पाहिली, पण सर्दी जाईना. मी मनातल्या मनात उड्या मारत होतो.

मग तिने दादाला पुन्हा फोन करून छळले, तेव्हा त्याने एक युक्ती सांगितली. नव्याजुन्याच्या मध्ये उभा राहणारा एक छोटा प्रोग्रॅम असतो, दुभाष्या म्हणा ना. जुन्याचे बोलणे तो नव्याला समजावून सांगतो. तिने तो बसवला. सॉफ्टवेअर पुन्हा एकेका प्लगिनला तपासू लागले, आणि शेवटी माझा नंबर आला! दुभाष्याने हाक मारली. मी ऐटीत पुढे झालो आणि कर्त्याने लावलेल्या वळणाप्रमाणे चौकट उघडून नमस्कार केला: "नमस्कार. मी आलो आहे. आत येऊ का?"

कोणी 'या' म्हणेना. म्हणणार कसे? माझी चौकट सॉफ्टवेअरच्या मोठ्या खिडकीमागे उघडली होती! पुतणीला दिसत होती ती नुसती तपासणी किती झाली हे दाखवणारी, जागीच थांबलेली पट्टी. आणि सॉफ्टवेअरला कसला आला आहे धीर? थोडा वेळ वाट पाहून त्याने ठरवले, की हा प्लगिन बिघडलेला आहे. मला बाद करून ते पुढच्याकडे वळले. एकदा बाद केलेल्याला ते पुन्हा विचारतही नाही.

पुतणीने सेटिंगमध्ये खोदून खोदून ते बाद केलेल्यांचे पान शोधले. तिथे मी एकटाच होतो. "अरे, तू सापडलास की!" ती ओरडली. तिने मला तिथून मोकळे केले आणि तपासणी पुन्हा सुरू केली. मी पुन्हा नमस्कार केला. मी पुन्हा बाद.

काकांनी टोपी काढून खुंटीला अडकवली. "राहू दे, पोरी," ते म्हणाले. "तू खूप केलंस. तो सर्दीवालाच घेऊन तू जा. माझ्याऐवजी कोणीही बोलेल." त्यांचा आवाज नेहमीपेक्षाही बारीक झाला होता. मला पहिल्यांदाच वाटले, माझ्या मानापेक्षा या माणसाचे जास्त अडले आहे.

पुतणीने मला एकदा, अखेरचे म्हणून, मोकळे केले आणि तपासणी लावली. पट्टी माझ्यापाशी येऊन थांबली. तिने सुस्कारा सोडला, आणि सर्दीवाल्याची माहिती वाचावी म्हणून मोठी खिडकी खाली सारली.

मागे मी उभा! चौकट उघडून, हात जोडून!

"काका!" ती किंचाळली. "काका, हा बघा! हा कधीचा दारात उभा आहे!"

काका धावत आले, चष्मा नाकावर ओढून वाचू लागले. "नमस्कार... मी आलो आहे... आत येऊ का? अरे, ये ना बाबा, ये! विचारतोस काय!"

"काका, हात काढा, बटण दिसत नाहीये!"

"दाब ना मग!"

"दाबते, दाबते!" घाईत माउसचा बाण बटणावर ठरेना. सॉफ्टवेअरचा धीर सुटत चालला होता. आणि तिने दाबले. या! मित्रांनो, मी असा आत शिरलो, असा शिरलो! काकांनी माईक ओढला. "कोण आहे रे तिकडे?" आणि तागे हादरले, मशीनवरची कात्री हादरली, काकू म्हणाल्या, "हां, आला मेला!" आमच्या सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

सभागृहात काय मजा आली म्हणून सांगू! मुलांनी फरशीवर मुंगीला जागा ठेवली नव्हती. राक्षस गरजला, तशी पहिली रांग मागे सरकली. राक्षसाला उंदीर दिसला, तशी तीच रांग हसून लोळली. आणि राक्षस डोंगराकडे निघाला तेव्हा चिटपाखरूही आवाज करीना. मग टाळ्या. माझ्यासाठी, असे मी समजत होतो.

पुतणीने स्पीकर बंद केले, पण माईक चालूच राहिला, म्हणून पुढचे मला ऐकू आले. पडद्याखालून एक लहान मुलगी आत शिरली होती.

"राक्षस कुठाय?"

"गेला की, बाळ. आत्ताच गेला डोंगरात," काका आपल्या बारीक आवाजात म्हणाले.

मुलगी म्हणाली, "खोटं. तूच आहेस."

"मी? अगं, माझा आवाज बघ केवढासा!"

"पण तू राक्षसच आहेस. हसायच्या आधी तू नाकातून हुं करतोस. राक्षस पण करतो."

काकांना हसू आले. आणि खरेच, आधी नाकातून हुं, आणि मग हसू! ते हुं मी वर्षानुवर्षे घुमवत होतो आणि मला त्याचा पत्ताच नव्हता. ते माझ्या टाकीतले नव्हते. माझ्या कर्त्याने कितीही फुगे फोडले असते, तरी ते मला मिळाले नसते.

"ए, इकडे या!" मुलगी ओरडली. "राक्षस सापडला!"

धावत येणारी पावले ऐकू आली. पडद्याच्या कड्या खडखडल्या. मला वाटले, आता काका पळणार. पण ते जागचे हलले नाहीत.

"राक्षसकाका, उंदराचं परत सांगा ना!" पोरे कल्ला करू लागली.

"काका, स्पीकर लावू का? म्हातारा तयार आहे," पुतणीने हळूच विचारले.

"नको गं," काका म्हणाले. "त्याला बसू दे जरा. मी सांगतो." आणि त्यांनी सांगितले, तोंड वर करून, आपल्या स्वतःच्या आवाजात, आणि पोरे तितकीच हसली.

मित्रांनो, टाळ्या कोणाच्या होत्या ते मला कळले, आणि खरे सांगतो, मला वाईट वाटले नाही. उलट इतका आनंद झाला की तो अजून उतरलेला नाही. तुम्ही नवे जरूर आणा, पण ते नीट चालेपर्यंत जुने पुसून टाकू नका, आणि जुने अडले तर ते कुठे अडले हे एकदा तरी शोधा. आणि तुमच्यापैकी कोणाचा आवाज काडीसारखा बारीक असेल, तर त्याने चार माणसांत नुसती मान हलवत बसू नये. आम्ही फार तर घुमवू शकतो. बोलावे तुम्हालाच लागते.