बारा विहिरींच्या बाटल्या

टिपणीस साहेबाला मी पहिल्याच दिवशी ओळखलं. केळीच्या बुंध्यावर थाप मारून "याचं लाकूड विकता का?" विचारणारा माणूस! आणि हा म्हणे आमच्या गिरीजच्या वाड्यांचं भविष्य सांगणार.

बावन्न सालची गोष्ट. खाडीचं खारं पाणी विहिरींत चढत होतं, माझ्या केळी कडेनं करपत होत्या. सरकार एकच बंधारा बांधणार होतं, आणि तो कुठल्या गावाला ते साहेबाचा खाऱ्या पाण्याचा नकाशा ठरवणार होता. दर पंधरवड्याला गावातल्या बारा विहिरींचं बाटली-बाटलीभर पाणी न्यायचं, त्यात माझीही एक, मीठ मोजायचं. मधल्या दोनशे विहिरींचं, तेही पुढच्या दहा वर्षांचं, हिशेबानं काढायचं. न बघता!

मी म्हटलं, "साहेब, नुसती जीभ लावा की."

"अहो ज्युलियस, जीभ चुकते. गणित चुकत नाही."

मोठा शहाणा लागून गेला!

तरी घरी आलेला माणूस. आमच्याकडे पाहुण्याला खारट पाणी देत नाहीत, चर्चच्या विहिरीचं गोडं आणून ठेवतात. बायकोला, फ्लॉसीला, मी बजावलं, "गाढव असला तरी आपली अब्रू आहे. साहेबाला आपल्या विहिरीचं पाणी द्यायचं नाही."

साहेबाचा शिपाई सकाळी त्या बारा घरांच्या ओट्यांवर रिकाम्या बाटल्या ठेवायचा, दुपारी भरलेल्या न्यायचा. मी तेव्हा वाडीत असायचो.

वर्षानं नकाशा झाला. गिरीजचं पाणी गोड! बंधारा दुसऱ्या गावाला मंजूर, वर सह्यासुद्धा झालेल्या.

माझं डोकंच फिरलं. आगाशीला त्याचा मुक्काम होता, तिथून त्याला बसनं घेऊन आलो. अंगणात माझ्या विहिरीचं पाणी काढून हातात दिलं. त्यानं एक घोट घेतला आणि थुंकला.

"लावा आता गणित!" मी ओरडलो.

"पण तुमच्या बाटल्या गोड होत्या," तो म्हणाला. "बाराही."

फ्लॉसी दारात आली. "होणारच! मी चर्चच्या पाण्यानं भरायची. तुम्हीच नाही का सांगितलंत? शेजारची मार्गारेट, रोझलीन, सगळ्या तशाच भरायच्या. सरकारला खारट पाणी पाठवून गावाची लाज काढायची होय?"

साहेबानं चूळ भरायला पाणी मागितलं. तिनं कळशीतलं दिलं. त्यानं चूळ भरली, मग दोन घोट प्यायला.

"हेच," तो हळूच म्हणाला. "वर्षभर हेच मोजलं मी."

वर्षभर ज्याला गाढव म्हटलं, त्याच्याकडे बघायची मला लाज वाटली. मी करपलेल्या केळींकडे बघत राहिलो.