न्यूझीलंडमार्गे लग्नाची मागणी

माझ्या डोळ्यांची शपथ, यातला शब्दन् शब्द खरा आहे! खोटं निघालं तर माझी कवळी उद्या चहात पडो.

ऑस्ट्रेलियात बार्काल्डिनच्या रस्त्यावर यूनाचा पेट्रोलपंप आणि खानावळ. चुलीच्या वर फळीवर सीबी रेडिओ, जवळपासच्यांशी बोलायचा, बिनपरीक्षेचा. ट्रकवाले लांबूनच त्यावर ओरडायचे, "किटली, दोन स्टेक टाक गं!" किटली म्हणजे यूना. सीबीवर खरं नाव सांगतो कोण? मेंढ्या वाहणारा 'लंगडा इमू' वर्षानुवर्षं तिच्याकडे जेवला, पण त्याचं नाव काही तिनं विचारलं नाही.

एकदा भर उन्हाळ्यात जेवून तो निघाला आणि थोडं पुढे जाऊन रेडिओवर म्हणाला, "किटली, तोंडावर धीर झाला नाही. तू माझ्याशी..."

तेवढ्यात रेडिओवरचं आभाळ उघडलं. उन्हाळ्यात होतं तसं. हजारो मैलांवरचे आवाज आभाळाला आपटून खाली येतात. अख्खा इंडोनेशिया यूनाच्या स्वयंपाकघरात भांडायला बसला! त्यात इमू बुडाला. शेवटी एवढंच ऐकू आलं, "...मग काय म्हणतेस?"

काय म्हणणार? माझ्याशी काय? लग्न? भांडण? पत्ते? यूना जी गोंधळली, ती अंड्यांवर साखर भुरभुरायला लागली.

इमू पुन्हा फिरकला नाही. एक ड्रायव्हर म्हणाला, "त्यानं ट्रक विकला, मावशी. पूर्वेला कुठंतरी असतो. परीक्षा देऊन हॅमचं, जगभर बोलायच्या रेडिओचं, लायसन काढलंय म्हणे. आता आपल्यासारख्यांत कशाला बोलतोय!"

मग यूनानंही परीक्षा द्यायची ठरवली, साठीला! मोर्स शिकता शिकता तिचा कांदासुद्धा टिंब-रेघांत चिरला जायचा. पण पास झाली. पवनचक्कीवर एरियलची तार चढवली, ती इतकी उंच की गरुड वळसा घालून जायचे.

पहिल्याच दिवशी तिनं हाक मारली, "किटली बोलतेय! इमू, आहेस का रे?"

"किटली? कसली किटली?" न्यूझीलंडचा कुणी आर्ची खेकसला. "बाई, इथं लायसनवरचा कॉलसाइन सांगायचा, टोपणनाव नाही!"

तिनं कॉलसाइन सांगितला. "पण मला इमू हवाय."

"पक्षी की माणूस?"

"माणूस. नाव ठाऊक नाही."

आर्चीनं कान टवकारले. मग म्हणाला, "थांबा. माझ्या तोंडून किटली ऐकून तुमच्या तिकडच्या एमराल्डचे कुणी सेसिल मला हाका मारतायत. किटलीला सांगा, मी इथंच आहे, म्हणतात. तुम्हाला नाही ऐकू येत?"

"छे! काही नाही."

"अहो, तुम्ही दोघं फार जवळ आहात. तुमचे आवाज एकमेकांच्या डोक्यावरून उडून माझ्याकडे येतायत."

यूनाचं डोकं गरगरलं. चार तासांवरचा माणूस ऐकू येत नाही आणि समुद्रापलीकडचा येतो? शिवाय सेसिल? हे काय इमूचं नाव झालं?

"त्याला विचारा, त्या दिवशी नेमकं काय विचारलंस?"

निरोप तिकडे गेला. मग आर्चीनं घसा खाकरला. "ते म्हणतात, माझ्याशी लग्न करशील का, असं विचारलं होतं. तुम्ही बोललाच नाहीत. नकार समजून ट्रक विकला."

"अरे गाढवा!" यूना किंचाळली. "तुम्हाला नाही हो, आर्ची. त्याला सांगा, हो म्हणाली. आणि म्हणावं, सेसिल मी मेले तरी म्हणणार नाही!"

निरोप पोचवता पोचवता आर्ची ढसाढसा रडला.

बरं बाबा, रडला नव्हता. ते मी पदरचं घातलं. नुसता शिंकला होता.