बैलचोराचा आवाज

किन्हीराजा गावच्या जानरावला सिनेमाचं वेड लागलं अमरावतीच्या कॉलेजात, आणि परीक्षेत नापास झाल्यावर ते पक्कं झालं. पंचावन्न साली तो गावी परतला तेव्हा त्याच्या ट्रंकेत पुस्तकं नव्हती. एक जुना, चावी देऊन चालवायचा कॅमेरा होता आणि रिळांचे सहा डबे. घरची जमीन बक्कळ आणि बाप मुखदुर्बळ, म्हणून खपून गेलं.

गोष्ट त्यानं स्वतःच लिहिली. चोर शेतकऱ्याचा बैल पळवतो, शेतकरी त्याला ओढ्यात गाठून बदडतो आणि बैल घरी आणतो. शेतकरी अर्थात जानराव. तो कॅमेऱ्यासमोर असला की मागं त्याची बायको रुख्मिणी उभी राहायची, पदराचं टोक दातात धरून. बैल घरचाच, भुऱ्या. राहिला चोर. तो जानरावनं जवळच्या बंजाऱ्यांच्या तांड्यावरून आणला.

रूपला त्याचं नाव. विशीतला पोरगा, होळीची गाणी रचायचा; गोष्ट सांगायला बसला की म्हाताऱ्यांच्या चिलमी विझायच्या. सिनेमात काम म्हटल्यावर त्याला आभाळ ठेंगणं झालं. आईला, रामीबाईला, त्यानं एवढंच सांगितलं, "याडी, लय मोठं काम हाये." काम चोराचं आहे हे सांगायला जीभ रेटेना. गावात कुणाची घागर हरवली तरी लोक आधी तांड्याकडे बघायचे, आणि त्या बघण्याची रामीबाईला भारी चीड होती.

चार दिवस काम चाललं. तालमीतच जानरावनं रूपलाला सात वेळा पाण्यात पाडलं. एकदा भुऱ्या ऐन कॅमेऱ्यापुढं काठावर अडून उभा राहिला. रूपलानं त्याचा पाय उचलून चोळला, कानामागं खाजवलं, तेव्हा कुठं तो हलला. वाया घालवायला रीळ नव्हतं, म्हणून तेही सिनेमात राहिलं.

सिनेमा मुका. पडद्यामागं माइक धरून दोघांनी आपापलं बोलायचं ठरलं होतं. शिरपूरच्या जत्रेत पुंजाजीचा फिरत्या सिनेमाचा तंबू लागला होता. आपल्या खेळाआधी तो त्यांना पंधरा मिनिटं द्यायला कबूल झाला. मग काय, जानराव तीन दिवस पत्र्याचा कर्णा तोंडाला लावून गावोगाव ओरडत हिंडला. खेळाच्या दिवशी त्याच्या घशातून नुसती हवा निघू लागली.

"तूच बोल दोघायचं," तो कसाबसा पुटपुटला. "पाठ हाये ना तुले? एक शब्द इकडचा तिकडं करू नोको."

"नाही करत भाऊ," रूपला म्हणाला, आणि ते अगदी मनापासून म्हणाला.

दिवेलागणीला तंबू गच्च भरला. पडद्यावर गोठा आला, मग दबकत येणारा रूपला. त्यानं दावं सोडायला हात घातला आणि पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "तांड्यावरचा चोर हाये रे! धरा त्याले!"

हशा उसळला. त्या हशातून एक खणखणीत आवाज आला, "कोन म्हनलं चोर? माहा रूपला हाये तो!"

याडी! ती तांड्यावरून शिरपूरपर्यंत चालत आली होती. पाठ केलेलं वाक्य रूपलाच्या ओठावर होतं: 'आता हा बैल माहा.' ते निघेना. पडद्यावर भुऱ्या काठाशी अडला होता आणि रूपला त्याचा पाय उचलत होता.

"आरे भुऱ्या," रूपला माइकमध्ये बोलून गेला, "खुरात काटा मोडला तुह्या, अन् मालक तं बसला मिशीले पीळ देत. चाल, वैदाकडं नेतो तुले."

तंबूतला हशा विरला. बाया चुकचुकू लागल्या.

आता पडद्यावर जानराव धावत आला आणि रूपलाला बडवू लागला. हे कसं निस्तरावं? रूपलानं आवाज जाड केला. "माह्याच बैलाचं दुखनं मले दिसलं नाही! आता लोकायले काय तोंड दाखवू? म्हनून मारून राह्यलो तुले!"

"आरे, मानूस हाये का कोन?" तंबूतून शिव्या सुरू झाल्या. एक चप्पल पडद्यावर आदळली, नेमकी जानरावच्या नाकावर.

खरा जानराव पडद्यामागं रूपलाचा सदरा ओढत होता. आवाज नसल्यामुळं नुसतं तोंड हलत होतं. पडद्यावरचाही तेच करत होता.

खेळ संपला तेव्हा बाया डोळे पुसत होत्या. पुंजाजी धावतच मागं आला. "उद्याबी लावा, परवाबी लावा. पन चोर असाच पायजे."

रामीबाई बाहेर जानरावच्या बैलगाडीशी पोचली होती. गाडीला जुंपून आणलेल्या भुऱ्याचा एकेक खूर उचलून पाहत ती रूपलाला म्हणाली, "कोनता पाय रे? बरा झाला वाटते."

जानराव गाडीच्या चाकाला टेकून फुगून बसला होता. रूपला हात जोडून समोर गेला. "भाऊ, चुकलं. पन माय बसली होती समोर."

जानरावनं मान फिरवली. रुख्मिणी मात्र हसू दाबत म्हणाली, "अजी, कायले फुगता? मी कॅमेऱ्यातून पाह्यलं ना सारं. तुमी मारून राह्यले, तवा मलेबी तुमचा रागच आला."

बराच वेळ जानराव बोटानं मातीत रेघा ओढत राहिला. मग त्यानं खिशातून कागद काढला, काहीतरी खरडलं आणि रूपलापुढं धरला. रूपलाला वाचता येत नव्हतं, म्हणून रुख्मिणीनं वाचलं: "उद्या शेवटी मले माफी तरी मागू दे."

रूपला विचारात पडला. शेवटच्या चित्रात जानराव छाती काढून बैल घेऊन चालला होता. माफी मागणाऱ्याची ती चाल नव्हती.

"भाऊ, पाठमोरे हाये ना तुमी तिथं," तो म्हणाला, "तं रडून राह्यले म्हनून सांगतो."

जानरावनं क्षणभर डोळे मिटले, स्वतःला रडताना पाहिलं असावं, आणि समाधानानं मान हलवली.