मी, मिनाजी सरांचा वजनकाटा

मित्रांनो, लालासाहेबांनी मेढ्याच्या आपल्या बॉक्सिंग अकादमीत जपानी विजेता आणला, त्यात त्यांना काय मिळणार होतं ते मी पहिल्याच दिवशी ताडलं. साताऱ्याच्या स्टँडसमोर फलक, फलकावर जपानी चेहरा आणि त्या चेहऱ्यापेक्षा मोठे लालासाहेब. फलक बघून येणारी पोरं, पोरांबरोबर येणारी फी. शिवाय पुतणी संयोगिताला घरच्या घरी मास्तर. सौदा वाईट नव्हता. त्या जपानी माणसाला यात काय मिळणार, ते मात्र मला कळेना. ज्याचा फायदा दिसत नाही, त्याचा मला जास्तच संशय येतो.

मी एक जुना वजनकाटा आहे. खाली लोखंडी पाट, वर गोल तबकडी, तिच्यात लाल काटा. संशयी स्वभाव मला धंद्याने लावला. माझ्यावर चढणारा कुणी श्वास रोखतो, कुणी पोट आत ओढतो, कुणी हळूच भिंतीला बोट टेकतो. खरं वजन बघायचं म्हणून चढतात आणि खरं दिसू नये म्हणून धडपडतात.

ओसाकाजवळच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. मिनेगिशी नावाच्या कोळ्याच्या पोराने पहिल्या पगारात मला विकत घेतलं. दुसऱ्याच्या काट्यावर त्याचा भरवसा नव्हता, म्हणून प्रत्येक लढतीला तो मला बरोबर न्यायचा. पुढे तो व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये जगज्जेता झाला. वजनगट पन्नास किलो आठशे ग्रॅमचा. विजेतेपदाचा पट्टा कमरेला बांधला तेव्हा त्याने मला उचलून मिठी मारली होती. लोखंडाला मिठी मारणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

पण मित्रांनो, पट्टा वाढत नाही आणि माणूस वाढतो. त्याची हाडं रुंदावली. त्याने वरच्या गटात जायचं म्हटलं, तर त्याच्या तालमीचे मालक हसून म्हणाले, "पट्टा या गटातला आहे, बाळा." पट्ट्यावर मालकांचे करार होते, जाहिराती होत्या. मग वजन उतरवायला तो पाणी तोडायचा, वाफेच्या खोलीत बसायचा, कपात थुंकत राहायचा. शेवटच्या लढतीआधी मी बरोबर पन्नास आठशे दाखवले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मालकांकडे पाहत होतो. ते शेजारी उभ्या असलेल्या नव्या पोराचे खांदे चाचपत होते.

दुसऱ्या दिवशी पाचव्या फेरीत तो एका साध्या ठोशाने खाली बसला. दवाखान्यातून परतला तेव्हा पाणी तोडून तोडून एक मूत्रपिंड कायमचं निकामी झालं होतं. पुन्हा तो रिंगणात उतरला नाही. चार देशांत मास्तरकी करत करत आम्ही दोघे मेढ्याला आलो.

मिनेगिशी म्हणताना जिभा अडखळायच्या, म्हणून गावाने त्यांचे 'मिनाजी सर' केले. मराठी त्यांना मेसवाल्या खातूनबींनी शिकवली, त्यामुळे ती त्यांच्यासारखीच निघाली. पोरांना ते सारखं एकच सांगायचे, "लय पानी पी."

त्यांची सगळ्यात चांगली खेळाडू म्हणजे कडेगावची अंकिता, ऊस पिकवणाऱ्या नाथाजींची लेक. तिचा गट एक्कावन्न किलोचा. सांगलीत राज्याच्या संघाची निवड होती. संघात जागा मिळाली तर पुढे खेळाडूंच्या कोट्यातून पोलीस भरतीची वाट मोकळी होणार होती.

आठवडाभर आधी लालासाहेब नाथाजींना माझ्याच खोलीत घेऊन आले. "पोरीला अठ्ठेचाळीसमधी उतरवा. तितं कोण न्हाई. जागा ठेवल्यागत हाय." नाथाजी खूश होऊन गेले. दार लागल्यावर लालासाहेबांनी फोन लावला, "एक्कावन्नमधला अडसर गेला. आता संयोगिताची जागा पक्की धरा." मी ऐकलं. पण काट्याला आकडा सांगता येतो, बोलता येत नाही.

मिनाजी सरांना कळलं तेव्हा ते नाथाजींना एवढंच म्हणाले, "अठ्ठेचाळीस न्हाई. पोरगी मोडंल."

नाथाजींनी डोळे बारीक केले. ज्याने जन्मभर साखर कारखान्याच्या वजन चोरणाऱ्या काट्यावर ऊस घातलाय, तो देवाच्या तराजूवरही भरवसा ठेवत नाही. "ह्यो कुणाचं तरी पैसं खाऊन बसलाय गड्या," असं म्हणत ते अंकिताला घेऊन घरी गेले. वजनावर लक्ष ठेव म्हणून सरांनी मला तिच्या हाती दिलं होतं. नावं सांगलीत सर स्वतः देणार होते.

घरी नाथाजींनी तिचं जेवण तोडलं, पाणी तोडलं. लेक वाळत चालली, पण मी साडेएकोणपन्नासच्या खाली येईना. नाथाजी उसळले, "काटा मारलाय! जपान्यानं मुद्दाम जड लावून दिलाय, पोरीनं नाद सोडावा म्हणून!" सांगलीला जाताना त्यांनी वाटेत तासगावला उतरून मला पीरमहंमदांच्या दुकानात आपटलं. पीरमहंमद बेदाण्याचे व्यापारी, नाथाजींचे जुने स्नेही.

"तपासा ह्याला, पीरभाई."

पीरमहंमदांनी सरकारी शिक्क्याची वजनं एकेक करून माझ्यावर ठेवली. "खरा हाय की. माझ्या काट्यापरीस खरा."

मग त्यांची नजर अंकिताच्या फुटलेल्या ओठांवर गेली. त्यांनी बेदाण्याची मूठ पुढे केली. तिने एक दाणा घेतला, हातात फिरवला आणि परत ठेवला.

"काय गं, खाईना व्हय?"

"वजन करायचंय, चाचा."

"नाथाजीराव, चार किलो द्राक्षं वाळवली की किलोभर बेदाणा हुतो. गोड हुतो, पैसा हुतो, समदं खरं. पर बेदाण्याला कुणी मारामारीला धाडत न्हाई."

"आवं, जागा हाय तितं!"

"जागा कुणी सांगितली?"

"लालासाहेबांनी."

"आन् त्येंची पुतणी कितीत खेळती?"

"एक्कावन्नमधी," म्हणता म्हणता नाथाजींनी लेकीकडे बघितलं. अंकिताने कोपऱ्यातला तांब्या उचलला आणि तोंडाला लावला. खाली ठेवला तो रिकामाच. मग ती माझ्यावर उभी राहिली. श्वास रोखला नाही, पोट ओढलं नाही. माझा काटा सरळ पन्नासवर गेला.

"बघा आबा," ती म्हणाली, "मी एवढी हाय. ह्याच्यापेक्षा कमी मला न्हाई व्हायचं."

सांगलीत सरांनी तिचं नाव एक्कावन्नमध्ये दिलं. लालासाहेब फोनवर ओरडले, "अठ्ठेचाळीस लिवा म्हणतोय न्हवं!" सर म्हणाले, "न्हाई." खातूनबींनी तो शब्द त्यांना चांगला पक्का शिकवला होता.

अंकिता आणि संयोगिता समोरासमोर आल्या. संयोगिताही काही कच्ची नव्हती. तिसऱ्या फेरीपर्यंत कुणाचं पारडं जड ते मलाही सांगता आलं नसतं. पण शेवटच्या मिनिटाला अंकिताच्या पायांत ताकद उरली होती. ती गुणांवर जिंकली. हार घालायला लालासाहेबच पुढे आले आणि फोटोतही तेच पुढे दिसतात.

आठवड्याच्या आत मिनाजी सरांना अकादमीतून काढून टाकलं. जाताना त्यांनी मला अंकिताकडे ठेवलं. आता मी कडेगावात खताची पोती आणि कांदे तोलतो. पाटावर टरफलं साचतात, काटा कुरकुरतो. परवा कुणीतरी सरांचं विचारलं, तेव्हा पोतं चढवता चढवता नाथाजी म्हणाले, "गेला की. दुसरीकडं जास्ती पगार घावला आसंल."

मित्रांनो, मला तेल घालायला विसरलात तरी चालेल. माझी स्प्रिंग बाजारात मिळते, मूत्रपिंड मिळत नाही. कुणी तुम्हाला कमी व्हायला सांगितलं, तर आकड्याकडे नंतर बघा, सांगणाऱ्याकडे आधी बघा.

जपानच्या मालकांना करार मिळाले. लालासाहेबांना फोटो, अंकिताला जागा आणि नाथाजींना धडधाकट लेक मिळाली. किंमत मात्र दोन्ही वेळेला एकाच माणसाने भरली. तिकडे दुसऱ्याच्या हुकमाने मूत्रपिंड, इकडे आपल्या मर्जीने नोकरी.