माळ उतरेपर्यंत

काविळीची माळ डोक्यावर ठेवतात. ती आपोआप लांबत गळ्यात येते, गळ्यातून पोटावर उतरते. पायांतून निघाली की कावीळ गेली. माझी माळ बेंबीपर्यंत आली होती आणि माझ्या सासूबाई कासाबाई येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकानं दाखवायच्या. जशी काही मी नवसाची शेळी.

पण माझी नुसती कावीळ नव्हतीच. परभणीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं होतं. लिव्हरमधून पित्त नेणाऱ्या नळ्या अरुंद होत चालल्यात. पित्त तुंबतं, म्हणून डोळे पिवळे, म्हणून ही जीव खाणारी खाज. आजार जन्मभराचा. गोळ्या चुकवायच्या नाहीत, तपासण्या करत राहायच्या. "आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी या. नळीत पू होतो, जिवावर बेतू शकतं."

गोळ्या मी लपून घेत होते, कारण माळेवर दुसरं औषध चालत नाही. गावाची वेसही ओलांडायची नाही.

आज दुपारी भाकरी थापताना हुडहुडी भरली. उन्हात जाऊन बसले तरी दात वाजत होते. उजव्या बरगडीखाली कळ मारत होती. मी भ्याले. नवरा मेंढरं घेऊन पूर्णेकडं गेलेला, त्याचा फोन लागेना.

"आत्या, मला दवाखान्यात न्या," मी सासूबाईंना म्हणाले.

"येडी का काय तू? माळ उतरायलीय न्हवं? आता तोडली तर कावीळ उलटती."

उलटली तर? तेही भय होतंच, लहानपणापासून ऐकलेलं. माळेला हात लावायची छाती होईना आणि नुसतं पडून राहायचीही होईना.

"मी मरन, आत्या. मला लय भ्या वाटायलंय."

कासाबाईंनी माझ्या कपाळाला हात लावला. हात तसाच राहिला. मग त्या आत गेल्या, लोकर कातरायची कातर घेऊन आल्या आणि माळ कचकन कापली.

मी किंचाळले.

"वरडू नको," म्हणत त्यांनी मला उठवलं आणि शेजारच्या गोपाळला हाक मारली, "आटो काढ रं!"

आटोत त्यांनी मला घट्ट धरलं होतं.

"दैवशालाची माळ पायातून निघाली व्हती," त्या म्हणाल्या. दैवशाला माझी नणंद, माझ्या लग्नाआधीच गेलेली. कशानं, ते घरात कुणी बोलत नसे. "साऱ्या गावात गूळ वाटला म्या. मग तिला अशीच थंडी वाजायली. दवाखान्यात ने म्हनली. म्या म्हनलं, माळ उतरली की, आता काय व्हतंय तुला."